टाचेवरची खपली

या सदरात काही महिन्यांपूर्वी दक्षिण कोरियाविषयी एक उत्तर दिले होते. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तेथील राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेला लष्करी कायदा संसदेने काही तासांतच, १९० विरुद्ध शून्य मतांनी, कसा उलटवला, असा तो प्रश्न होता. उत्तराच्या ओघात तेथील लोकशाही चळवळीतले कार्यकर्ते किम गुन-ते यांचे नाव एका वाक्यापुरते येऊन गेले आणि त्या वाक्यावर जी पत्रे आली, त्यांतली सहा निवडून हे सदर या वेळी एकाच माणसाला दिले आहे. कोरियात आडनाव आधी येते, त्यामुळे पुढे ‘किम’ असा उल्लेख येईल तेव्हा ते आडनाव समजावे.

प्रश्न : विद्यार्थी चळवळीत गाजलेली मुले पुढे एक तर नोकरीधंद्याला लागतात किंवा सत्तेत जाऊन विरघळतात, हे आम्ही १९७५ नंतर डोळ्यांनी पाहिले. किम गुन-ते यांचे नेमके वेगळेपण काय? — एक निवृत्त शिक्षक, मिरज

आपण १९७५ सालाचा उल्लेख केला आहे, तेव्हा तेथूनच सुरुवात करतो. आपल्याकडे २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. त्याच्या सहा आठवडे आधी, १३ मे रोजी, पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने कोरियात आणीबाणीचा नववा आदेश काढला होता. त्यानुसार राज्यघटना बदला असे नुसते म्हणणे हाही गुन्हा ठरला. आपली आणीबाणी एकवीस महिन्यांत उठली. तो आदेश मात्र डिसेंबर १९७९ पर्यंत, म्हणजे पार्क यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने हत्या केल्यानंतरही काही आठवडे, लागू राहिला. किम गुन-ते यांनी त्या वर्षांचा बहुतेक काळ भूमिगत राहून काढला.

त्यांचा जन्म १९४७ चा, सोलजवळच्या बुचॉनचा, वडील शिक्षक. १९६५ मध्ये ते सोल राष्ट्रीय विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला आले. १९६७ च्या संसदीय निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यात ते पुढे होते, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांची रवानगी सैन्यात झाली. लष्करी सेवा तेथे सर्वच तरुण पुरुषांना करावी लागते. परंतु शिकत असलेल्या मुलाला मधूनच उचलून पलटणीत धाडणे हा सरकारचा चळवळ मोडण्याचा ठरलेला डाव होता. परत आल्यावर १९७१ मध्ये त्यांचे नाव सरकार उलथवण्याच्या कथित कटात गोवले गेले, पकड वॉरंट निघाले आणि ते दिसेनासे झाले. या काळात त्यांनी कारखान्यांत काम केले. इन जे-गुन यांची ओळखही तेथलीच. त्या विद्यापीठात शिकून कामगारांत गेलेल्या कार्यकर्त्या होत्या. दोघांनी पुढे लग्न केले. आपल्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढची हकिगत त्यांच्यावाचून जगाला कळलीच नसती.

मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातील उठाव सत्ता बळकावलेले लष्करशहा चुन दू-ह्वान यांच्या सैन्याने रक्तात बुडवला. त्यानंतर तीन वर्षे उघड संघटना काढण्याचे धाडस जवळजवळ कोणी केले नव्हते. ३० सप्टेंबर १९८३ रोजी ‘लोकशाही चळवळ युवक संघटना’ उघडपणे स्थापन झाली आणि किम तिचे पहिले अध्यक्ष झाले. संघटनेने बोधचिन्ह घेतले ते बेडकाच्या जातीतल्या भेकाचे. कोरियन लोकसमजुतीप्रमाणे पोटुशी भेक मुद्दाम सापाच्या वाटेत जाते, साप तिला गिळतो, तिच्या विषाने मरतो, आणि मेलेल्या सापावर तिची पिल्ले पोसली जातात. सिंह, गरुड, मशाल असली चिन्हे मुबलक उपलब्ध असताना तिशी ओलांडलेल्या या मंडळींनी भेक निवडावी, यातच त्यांनी आपली अपेक्षा स्पष्ट केली होती.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. छळ सोसलेले कार्यकर्ते पुष्कळ झाले. किम यांचे वेगळेपण मला त्यांच्या हिशेबीपणात दिसते. त्यांनी छळणाऱ्यांचा हिशेब ठेवला आणि पुढे सत्तेच्या राजकारणात गेल्यावर स्वतःचाही हिशेब लोकांसमोर मांडला. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ आहे. ती पुढे येईलच.

प्रश्न : पोलिसांचा ‘थर्ड डिग्री’ प्रकार खुणा न ठेवता केला जातो, म्हणून तो सिद्ध होत नाही, असे आम्हाला वर्गात सांगतात. किम यांच्या प्रकरणात तो बाहेर कसा आला? — कायद्याची एक विद्यार्थिनी, नागपूर

४ सप्टेंबर १९८५ रोजी किम यांना सोलमधील नामयोंग-दोंग येथील कम्युनिस्टविरोधी पोलिस शाखेच्या इमारतीत नेण्यात आले. विद्यार्थ्यांच्या असंतोषामागे कम्युनिस्ट सूत्रधार आहेत आणि ते सूत्रधार म्हणजे आपणच, असा कबुलीजबाब त्यांच्याकडून हवा होता. पाचव्या मजल्यावरच्या ५१५ क्रमांकाच्या खोलीत एक फळी होती. तिला पोलिस ‘चिलसोंगपान’ म्हणत. मूळ शब्द अंत्यविधीतला आहे. शवपेटीत प्रेताखाली ठेवतात त्या फळीचे ते नाव. त्या फळीवर त्यांना विवस्त्र करून, डोळे बांधून, पट्ट्यांनी जखडले जाई आणि विजेचे झटके दिले जात. तोंडानाकावर पाणी ओतण्याचा प्रकार त्याला जोडून होता. विजेचा परिणाम अंगावर फार दिसू नये, हा त्यामागचा एक हेतू. मुख्य छळकाचे नाव कैद्यांना ठाऊक नव्हते. तो स्वतःला प्रेते पोचवण्याचा धंदा करणारा म्हणवी आणि आता धंद्याला बरकत आली आहे, असे किम यांना ऐकवी.

आपला प्रश्न खुणांचा आहे. झटका बसला की जखडलेले शरीर आवळते आणि टाचा फळीवर घासल्या जातात. त्या टाचांना जखमा झाल्या. छळकांच्या सगळ्या खबरदारीतून सुटली ती एवढी जागा.

२६ सप्टेंबर रोजी त्यांना सरकारी वकिलांच्या कार्यालयात नेले जात होते. इन जे-गुन तेथे ताटकळत थांबल्या होत्या. नवरा-बायकोची गाठ पडली ती अगदी थोड्या क्षणांची, तीही पहाऱ्यातली. तेवढ्या वेळात किम यांनी आपण कसे आहोत हे सांगितले नाही. कोणत्या तारखांना काय केले गेले, ते सांगितले आणि टाचा दाखवल्या. इन यांनी ऐकलेले सर्व मनात साठवून नेले, चर्चच्या मानवाधिकार समितीत आणि परदेशी वार्ताहरांपुढे मांडले, आणि कोरियन वर्तमानपत्रांची तोंडे बांधलेली असतानाही बातमी देशाबाहेर गेली.

पुढे कोठडीत टाचांवरच्या जखमांना खपल्या धरल्या आणि सुकून पडल्या. किम यांनी त्या टाकल्या नाहीत. कागदात जपून ठेवल्या आणि वकिलांच्या भेटीत पुरावा म्हणून त्यांच्या हाती देऊ पाहिल्या. पहारेकऱ्यांनी त्या हिसकावून घेतल्या. मृत कातडीच्या चार तुकड्यांसाठी सरकारी नोकरांनी झटापट करावी, यावरून त्या तुकड्यांची किंमत दोन्ही बाजूंना कळत होती हे उघड आहे.

मग उरला शब्द. १९ डिसेंबर १९८५ रोजी खटल्याच्या पहिल्या सुनावणीत किम उभे राहिले आणि त्यांनी तारखांची यादी सांगितली. ४ सप्टेंबरला दोनदा, ५ आणि ६ तारखेला एकेकदा, ८ तारखेला पुन्हा दोनदा, या पद्धतीने २० तारखेपर्यंत एकूण दहा वेळा, दर वेळी सुमारे पाच तास. १३ तारखेला शुक्रवार होता आणि छळकांनी ‘हे तुझे शेवटचे जेवण’ असे म्हटले, हेही त्यांनी सांगितले. ओरडून घसा बसला की तो लगेच मोकळा व्हावा म्हणून औषध दिले जाई, हेही. त्यात विशेषणे नाहीत. आपण कायदा शिकता, म्हणून सुचवतो : ज्याच्या अंगावर हे घडले त्याने डोळे बांधलेल्या अवस्थेत दिवस आणि तास मोजत राहणे, हे साक्षीपुराव्याच्या प्रकरणात कोणत्याही कलमाखाली न येणारे कौशल्य आहे.

त्या न्यायालयाने त्यांना शिक्षाच दिली. अपिलानंतर ती पाच वर्षांची राहिली. १९८७ मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या नावाचा मानवाधिकार पुरस्कार पती-पत्नींना मिळून जाहीर झाला तेव्हा ते तुरुंगात होते, जून १९८८ च्या अखेरीस सुटले आणि १९९० मध्ये पुन्हा दोन वर्षांसाठी आत गेले. १९८५ च्या प्रकरणात ते निर्दोष असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने फेरसुनावणीत दिला तो मे २०१४ मध्ये. तोवर त्यांच्या मृत्यूला दोन वर्षे उलटून गेली होती.

याच इमारतीत १४ जानेवारी १९८७ रोजी पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी पाण्याच्या छळात मेला. पोलिसांनी खुलासा केला की टेबलावर ‘टक्’ असे आपटले आणि तो ‘अक्’ करून कोसळला. हा खुलासा देशाने मान्य केला नाही, याचे एक कारण असे की त्या इमारतीत काय चालते हे सव्वा वर्षापूर्वी तारीखवार सांगून झालेले होते. त्या जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले आणि २९ तारखेला राजवटीला थेट राष्ट्राध्यक्षीय निवडणूक मान्य करावी लागली.

प्रश्न : भारतात पोलिसी छळाविषयी कायदा आहे का? — एक वाचक, सोलापूर

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, परंतु अनुमोदन अद्याप दिलेले नाही. दक्षिण कोरिया त्या करारात १९९५ मध्येच सामील झाला. छळाचा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. मात्र डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिलेली सूत्रे आहेत. अटकेचा वेळ व तारीख नोंदवलेला कागद साक्षीदाराच्या सहीने करणे, नातेवाइकाला कळवणे आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे, ही त्यांतली प्रमुख होत. नागपूरच्या विद्यार्थिनीला दिलेल्या उत्तराशी ताडून पाहिल्यास तास आणि तारीख यांवर न्यायालयाने एवढा भर का दिला, ते ध्यानात येईल.

प्रश्न : असा माणूस शेवटी पक्षीय राजकारणात गेलाच ना? मंत्री झाला, निवडणूक हरला. मग चळवळीत राहिला असता तर बरे झाले असते, असे आपणास वाटत नाही का? — एक वाचक, पुणे

असे मला वाटत नाही. पण आपल्या शंकेत तथ्य आहे, म्हणून ती टाळणार नाही.

१९८७ च्या विजयानंतर डिसेंबरात निवडणूक झाली. लोकशाहीवादी गटाचे दोन नेते, किम यंग-साम आणि किम दे-जुंग, दोघेही उभे राहिले, त्यांची मते फुटली आणि लष्करातूनच आलेले रोह ते-वू ३६ टक्के मतांवर निवडून आले. तुरुंगातून किम गुन-ते यांनी किम दे-जुंग यांना ‘टीकेचा हक्क राखून’ पाठिंबा दिला होता. हा पाठिंबा चळवळीतल्या अनेकांना पटला नव्हता आणि मागे वळून पाहता दोघांपैकी एकाने माघार घ्यावी यासाठी सर्वांनीच अधिक जोर लावायला हवा होता, असे म्हणावे लागते. हाती आलेले असे निसटते, ते रस्त्यावरच्या गर्दीने परत मिळत नाही. त्याला पक्ष आणि मतपेट्या लागतात. मला वाटते, १९९५ मध्ये त्यांनी पक्षात जाण्यामागे हा धडा असावा. १९९६ मध्ये ते सोलच्या दोबोंग भागातून संसदेत गेले आणि पुढे आणखी दोनदा निवडून आले.

आता स्वतःच्या हिशेबाविषयी. २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यांच्या पक्षात प्रथमच सामान्य नागरिकांनाही सामील करून घेणारे मतदान व्हायचे होते. किम इच्छुक होते. मतदान सुरू होण्याच्या तोंडावर, मार्चच्या आरंभी, त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितले की दोन वर्षांपूर्वी पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत आपण स्वतः नियमबाह्य पैसा वापरला होता आणि त्यातला काही पक्षातल्या एका ज्येष्ठ नेत्याकडून आला होता. कोणी त्यांना पकडले नव्हते. कोरियन पक्षांत पैसा कसा खेळतो, हे सांगायचे तर दुसऱ्याचे उदाहरण देऊन चालणार नाही, अशी त्यांची धारणा होती. परिणाम ठरलेलाच होता. प्रतिस्पर्ध्यांनी तेवढेच केले होते, पण ते गप्प राहिले. किम यांच्यावर मात्र खटला झाला. पहिल्या मतदानांत त्यांना नगण्य मते पडली आणि काही दिवसांतच त्यांनी माघार घेतली. जिंकले रोह मू-ह्युन, आणि पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

त्याच रोह यांच्या मंत्रिमंडळात किम जुलै २००४ ते २००५ च्या अखेरीपर्यंत आरोग्य व कल्याण मंत्री होते. घरांच्या बांधकामाचा खरा खर्च बिल्डरांनी उघड करावा की नाही, यावर त्यांनी राष्ट्राध्यक्षांना जाहीरपणे सुनावले की पदाची फीत काढून ठेवून वाद घालू या. मंत्री झाल्यावर राष्ट्रीय निवृत्तिवेतन निधी सरकारच्या अर्थव्यवस्था-उभारणीच्या योजनेत वापरायला त्यांनी उघड विरोध केला. तो पैसा लोकांच्या म्हातारपणाचा आहे, हा त्यांचा मुद्दा. २००७ च्या मार्चमध्ये अमेरिकेबरोबरच्या मुक्त व्यापार कराराविरुद्ध ते संसद भवनात उपोषणाला बसले. तोपर्यंत ते सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष राहून चुकले होते. २००८ मध्ये ते आपल्या मतदारसंघात थोड्या मतांनी पडले. ते सभा गाजवणारे वक्ते नव्हते, वाक्ये लांब बोलत, आणि निवडणुकीच्या राजकारणात याची किंमत मोजावी लागते. आपण याला अपयश म्हणाल तर मी हरकत घेणार नाही. विरघळणे मात्र याला म्हणता येत नाही.

प्रश्न : त्यांनी छळ करणाऱ्याला क्षमा केली, असे कोठेतरी वाचले. हे खरे का? — एक वाचक, रत्नागिरी

अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे अधिक मोलाचे आहे.

छळकाचे नाव ली गुन-आन. १९८८ च्या डिसेंबरात वृत्तपत्रात त्याचे नाव व छायाचित्र आले आणि तो फरारी झाला. जवळजवळ अकरा वर्षे पोलिसांना सापडला नाही, १९९९ मध्ये स्वतः हजर झाला. या काळाचा मोठा भाग तो आपल्याच घरात लपून होता. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. २००५ मध्ये किम, तेव्हा मंत्री, तुरुंगात जाऊन त्याला भेटले. त्याने क्षमा मागितली. किम यांनी ती नाकारली नाही. पण ती मनापासूनची होती का, हा प्रश्न आपल्याला सुटत नाही, असे त्यांनी नंतर सांगितले, आणि न सुटलेला प्रश्न सुटला म्हणून जाहीर केला नाही. ली सुटल्यावर धर्मोपदेशक झाला. पुढे एका मुलाखतीत चौकशी ही एक कलाच असल्याचे आणि तो काळ पुन्हा आला तरी हेच काम करू, असे तो म्हणाला. २०१२ च्या जानेवारीत त्याच्या धर्मसंस्थेने त्याचे उपदेशकपद काढून घेतले. म्हणजे किम यांची शंका निराधार नव्हती.

शरीराने तर कधीच क्षमा केली नाही. दर वर्षी सप्टेंबर आला की किम आजारी पडत. दंतवैद्याच्या खुर्चीत मागे रेलून पडणे त्यांना सहन होत नसे, म्हणून ते दातांचे उपचार टाळत. नंतर हातपाय थरथरू लागले. निदान पार्किन्सनचे झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी ‘२०१२ वर ताबा मिळवा’ या आशयाचा शेवटचा लेख लिहिला. पुढील वर्षी संसद आणि राष्ट्राध्यक्ष अशा दोन निवडणुका होत्या, आणि जे सहभागी होतात तेच सत्ता घडवतात, हे त्यांना सांगायचे होते. नोव्हेंबरच्या अखेरीस ते रुग्णालयात दाखल झाले. डिसेंबरात मुलीचे लग्न झाले, त्याला ते जाऊ शकले नाहीत. ३० डिसेंबर २०११ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्या निवडणुकीत दोबोंगमधून इन जे-गुन उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि तीन वेळा संसदेत बसल्या. २०१३ मध्ये छळ सोसलेल्यांवर उपचार करणारे एक केंद्र सोलमध्ये किम यांच्या नावाने सुरू झाले.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त सोलला असतो. आम्ही दोघे वसंतात जाणार आहोत. ही इमारत पाहता येते का? — एक वाचक, ठाणे

पाहता येते. २०२५ च्या जूनपासून तेथे लोकशाही चळवळीचे राष्ट्रीय स्मारक-संग्रहालय आहे. भुयारी रेल्वेच्या पहिल्या मार्गावर नामयोंग स्थानकात उतरावे. फलाटावरूनच काळ्या विटांची इमारत दिसते. ती किम सू-गुन या नामांकित वास्तुविशारदाने १९७६ मध्ये आखली. सोलचे ऑलिंपिक क्रीडागारही त्यांचेच. बाहेर सागरी संशोधन संस्थेची पाटी असे. मागच्या दाराने आत गेल्यास लोखंडी गोल जिना लागतो. डोळे बांधलेल्या माणसाला किती मजले चढलो याचा अंदाज येऊ नये, म्हणून तो मध्ये कोठेही न उघडता थेट पाचव्या मजल्यावर जातो. चढताना पायऱ्या मोजून पाहाव्यात. वर गेल्यावर ५०९ (पार्क जोंग-चोल मेला ती) आणि ५१५ या दोन्ही खोल्या पाहाव्यात. त्या मजल्यावरच्या खिडक्या वीतभर रुंदीच्या आहेत, माणसाचे डोके बाहेर निघणार नाही इतक्या. तेथे थोडा वेळ उभे राहिल्यास खालून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येतो.